जुनी पिकअप, लांबचा पल्ला

जुनी गाडी परगावी दगा देते तेव्हा मालकाचा पहिला संशय इंजिनावर जातो. बहुतेक वेळा इंजिन निर्दोष निघते. काहीशे रुपयांचा फॅन बेल्ट, क्लिपपाशी फुगलेला होज पाइप, बॅटरीच्या टर्मिनलवर चढलेला हिरवट थर, नाहीतर वर्षानुवर्षे गाडीखाली टांगलेली आणि गरजेच्या वेळी गंजामुळे न सुटणारी स्टेपनी. भर उन्हात घरच्या माणसांना रस्त्याकडेला बसवून ठेवणारे गुन्हेगार साधारण असे असतात. इंजिन बांधून घ्यायला मालक हात सैल सोडतो आणि होज पाइप मात्र ‘अजून चालतोय की’ म्हणून तसाच ठेवतो.

नाशिक जिल्ह्यात हा विषय घरोघरीचा आहे. निफाड, दिंडोरी, चांदवडच्या बाजूला मळ्यात दहा-पंधरा वर्षांची पिकअप किंवा कॅम्पर उभी नाही असे गाव सापडणे कठीण. टोमॅटोचे कॅरेट पिंपळगाव बसवंतला, कांदा लासलगावला, द्राक्षाच्या पेट्या शीतगृहाला, खताच्या गोण्या उलट दिशेने, असा तिचा दिनक्रम. गाडीही इथलीच. २००० साली बाजारात आलेली बोलेरो नाशिकच्या महिंद्रा कारखान्यात तयार होते, आणि कंपनीचा इंजिनांचा कारखाना वर इगतपुरीला आहे. डिझेल इंजिनाचे नोझल आणि इंजेक्टर बनवणारी मायको कंपनी कित्येक दशके सातपुरात आहे. २००८ साली तिचे नाव बॉश झाले, पण नाशिककरांच्या तोंडी मायको सर्कल अजून मायको सर्कलच आहे. या दोन-तीन कारखान्यांनी जिल्ह्याला गाड्या दिल्या, तसे हात काळे करून शिकलेले मिस्त्रीही दिले. द्वारकेपासून आडगाव नाक्यापर्यंत महामार्गाच्या कडेने गेलात तर बोलेरोचा कुठला भाग कुठे मिळतो हे विचारावेही लागत नाही.

अशा गाडीवर लांबचा प्रवास काढायचा म्हटले की उदाहरण म्हणून मला नर्मदा परिक्रमाच डोळ्यांपुढे येते. गाडीने परिक्रमा करणाऱ्यांत महाराष्ट्रातली माणसे पुष्कळ. नदीची लांबी १३१२ किलोमीटर, पण दोन्ही तटांनी, देवस्थाने घेत, वळसे घालत गाडी तीन-साडेतीन हजार किलोमीटर फिरते. एकदा संकल्प सोडला की नर्मदा ओलांडायची नाही हा मुख्य नियम. ओंकारेश्वरहून दक्षिण तटाने समुद्राकडे, तिथून उत्तर तटाने अमरकंटकला आणि पुन्हा दक्षिण तटाने परत. आता यात गाडीवाल्याची गोची बघा. जबलपूरसारखे मोठे शहर उत्तर तटावर आहे. परतीच्या वाटेवर, दक्षिण तटावर गाडी बिघडली, तर पूल समोर दिसत असूनही पलीकडच्या गॅरेजात तुम्हाला जाता येत नाही. मिस्त्रीलाच सामान घेऊन अलीकडे यावे लागते. भरवशाच्या गाडीची परीक्षा याहून कडक कुठे होत असेल असे वाटत नाही.

भरवसा या गोष्टीला अभियंत्यांच्या जगात मोजमाप आहे. ठरावीक परिस्थितीत, ठरावीक काळ, यंत्र न बिघडता काम करील याची शक्यता किती, असा तो प्रश्न असतो. ‘आमची गाडी एकदम टकाटक आहे’ या वाक्याला त्यामुळे काही अर्थ नाही. कुठल्या रस्त्याला, किती वजनाला, किती दिवसांना टकाटक आहे ते सांगा. मळा ते मार्केट पंचवीस किलोमीटर जाऊन लिलावाच्या रांगेत दोन तास उभी राहणारी गाडी रोज पास होते, कारण पाणी पुरते तापायच्या आत तिला विश्रांती मिळते. तीच गाडी दुपारी एक वाजता, भरल्या वजनाने, सेंधव्याच्या अलीकडचा बिजासन घाट चढायला लागली की अर्धवट तुंबलेला रेडिएटर पहिल्यांदा उघडा पडतो. तो तुंबलेला आधीपासूनच होता, पण रोजच्या कामाने त्याला कधी जाब विचारला नव्हता.

दुसऱ्या महायुद्धात जर्मनीचे व्ही-१ हे उडते बॉम्ब तयार करणाऱ्यांत रॉबर्ट लुसर नावाचा अभियंता होता. एकामागोमाग एक जोडलेल्या भागांच्या यंत्राचा भरवसा हा त्या सगळ्या भागांच्या भरवशांचा गुणाकार असतो, हा नियम त्याच्या नावाने ओळखला जातो. शाळेतला गुणाकारच, पण उत्तर धक्का देते. गाडीत असे १०० भाग धरा, की त्यातला कुठलाही एक गेला तरी गाडी थांबते. प्रत्येक भाग १०० पैकी ९९ वेळा प्रवास पार पाडतो असे माना. तरी सगळे मिळून प्रवास निर्विघ्न पार पडण्याची शक्यता जेमतेम ३७ टक्के उरते. म्हणजे एका भागावर सोन्याचा मुलामा चढवून उपयोग नाही. शंभरातले जे आठ-दहा लंगडे आहेत ते शोधून त्यांना सरळ करावे लागते. जुन्या गाडीची तयारी म्हणजे बहुतांशी हा शोध.

इथे एक मोठा मोह आड येतो. प्रवासाला निघायचे म्हणून सगळेच नवे टाकून घ्यायचे. पंप काढून कॅलिब्रेट करायचा, गिअरबॉक्स उघडायचा, क्लच बदलायचा, आणि गाडी गॅरेजातून बाहेर आली की दुसऱ्या दिवशी पहाटे नारळ फोडून निघायचे. हे मी कोणालाही करू देणार नाही. युनायटेड एअरलाइन्समधल्या नोलन आणि हीप या दोघांनी १९७८ साली विमानांच्या सुट्या भागांवरचा एक अहवाल अमेरिकेच्या संरक्षण खात्याला दिला. त्यांनी पाहिलेल्या भागांपैकी ६८ टक्के भाग नवे बसवल्यावर सुरुवातीच्या काळातच जास्त बिघडत होते आणि तो काळ सरला की शांत होत होते. वय झाले म्हणून बिघडण्याकडे झुकणारे भाग ११ टक्केच होते. विमान आणि पिकअप यांची तुलना ताणून चालणार नाही. आपल्याकडे रबर आहे, ब्रेकचे लायनर आहेत, टायर आहेत, आणि ते वयाने, घासून जातातच. पण गॅरेजातल्या अनुभवाशी ही आकडेवारी तंतोतंत जुळते. हात लागलेली जागाच पुन्हा बोलते. नवे सील उलटे बसलेले असते, कुठला तरी नट हातानेच आवळून राहिलेला असतो, खोक्यावर मोठ्या कंपनीचे नाव छापलेला भाग नकली निघतो. म्हणून वयाने मरणारे भाग न बघता बदला, बाकीचे चालत असतील तर त्यांना उगाच उघडू नका, आणि जे काही कराल ते निघण्याच्या निदान महिनाभर आधी करून त्याच गाडीने मार्केटच्या खेपा मारा. नव्या भागांचे बारसे आपल्या जिल्ह्यात होऊ द्या.

सुरुवात पाण्यापासून. जुन्या पिकअपच्या रेडिएटरमध्ये बहुधा बोअरचे पाणी असते, कारण मळ्यात तेच हाताशी असते. या जड पाण्यातले क्षार तापल्यावर नळ्यांच्या आत पांढऱ्या खपलीसारखे बसतात, आणि बाहेरून मार्केट यार्डातली धूळ न् कांद्याची टरफले जाळीत अडकतात. आतून बाहेरून असा दुहेरी कोंडमारा. बाहेरचा उपाय सोपा आहे. इंजिनाच्या बाजूने पुढच्या दिशेने, हलक्या दाबाने पाणी मारायचे. समोरून प्रेशर वॉशर लावलात तर कचरा आणखी आत ठासतो आणि पातळ पट्ट्या आडव्या होतात. आतला उपाय रेडिएटरवाल्याचा. पितळी रेडिएटर असेल तर तो वरखालच्या टाक्या उघडून नळ्यांतून पट्टी फिरवतो. ॲल्युमिनियमचा आणि प्लॅस्टिक टाक्यांचा असेल तर सरळ नवा घेतलेला परवडतो. मग कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मे-निम्मे. पुन्हा बोअरचे पाणी नको.

आता रेडिएटरचे झाकण. याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे इथे उघड्या भांड्यातले पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळते. अमरकंटक हजार मीटरच्या वर, म्हणजे तिथे त्याहूनही लवकर. गाडीतले पाणी मात्र शंभराच्या पुढे गेले तरी उकळत नाही, ते या झाकणातल्या स्प्रिंगमुळे. झाकणावर ०.९ लिहिलेले असते. तेवढा जादा दाब ते आत धरून ठेवते आणि उत्कलनबिंदू ११५ अंशांच्या पुढे नेते. झाकणाचे रबर कडक झाले की दाब धरला जात नाही, आणि रेडिएटर धडधाकट असूनही घाटात पाणी बाहेर फेकले जाते. मग लोक रेडिएटर बदलतात, वॉटर पंप बदलतात, शेवटी हेड उतरवतात. सर्वांत स्वस्त भाग सर्वांत शेवटी सुचतो.

गाडी तापते म्हटल्यावर ‘थर्मोस्टॅटच काढून टाकू’ हा सल्ला तुम्हाला हमखास मिळेल. पुष्कळ जुन्या गाड्यांत तो अगोदरच काढलेला असतो. ८०-८२ अंशांपर्यंत पाणी इंजिनातच फिरवत ठेवायचे आणि नंतर रेडिएटरकडे सोडायचे हे त्याचे काम. तो नसला की इंजिनाला कामाचे तापमान गाठायला फार वेळ लागतो, डिझेल जास्त जळते, सिलिंडरची झीज वाढते. काही इंजिनांत थर्मोस्टॅट पूर्ण उघडल्यावर आतल्या आत फिरणारी आडवाटही बंद करतो. तिथे तो काढलात तर गरम पाण्यातला काही भाग रेडिएटरला न जाताच पुन्हा इंजिनात येतो आणि चढावर गाडी जास्तच तापते. म्हणजे उपायच दुखणे होऊन बसतो. नवा थर्मोस्टॅट आणा, बसवण्याआधी घरी पातेल्यात पाणी तापवून तो उघडतो का बघा, आणि बसवा.

पाण्याची आणखी एकच चाचणी. सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना झाकण उघडून गाडी चालू करा आणि पाण्याकडे बघत राहा. सुरुवातीला दोन-चार बुडबुडे येतील, ते सोडून द्या. पण एकसारखे बुडबुडे येत राहिले, ॲक्सिलरेटर दिल्यावर वाढले, तर सिलिंडरमधला वायू पाण्यात शिरतो आहे. हेड गॅस्केटचे काम निघाले. गॅस्केट झाल्याखेरीज ही गाडी घेऊन लांब जायचे नाही.

पाण्यानंतर पट्टा, आणि इथे क्षणभर बॉनेट उघडून नीट बघण्यासारखे आहे. बहुतेक लोकांना वाटते, फॅन बेल्ट तुटला की गाडी तापेल, एवढेच. जुन्या बोलेरो जातीच्या डिझेल गाड्यांत हा पट्टा वॉटर पंप आणि डायनॅमो, म्हणजे अल्टरनेटर, फिरवतो. अल्टरनेटरच्या पाठीमागे, त्याच दांड्यावर, एक छोटी गोल डबी बसवलेली असते. तिच्यातून एक जाड नळी ब्रेकच्या बूस्टरकडे गेलेली दिसेल, आणि एक-दोन बारीक नळ्या इंजिन ऑइलच्या. हा व्हॅक्युम पंप. डिझेल इंजिनाला पेट्रोलच्या इंजिनासारखी आयती ओढ मिळत नाही, म्हणून ब्रेकला मदत करणारी ओढ या डबीतून तयार करावी लागते. म्हणजे एक पट्टा तुटला की पाणी फिरायचे थांबते, चार्जिंग थांबते आणि दोन-तीनदा पाय दाबल्यावर ब्रेकचा पेडल दगडासारखा होतो. घाटाच्या उतारावर हे घडले तर तापमानाचा काटा बघायला सवडच मिळायची नाही.

म्हणून पट्टा जुना असो वा नसो, नवा टाकायचा आणि काढलेला चांगला असेल तर सीटखाली ठेवायचा. नवा पट्टा दोन-चारशे किलोमीटरनंतर थोडा सैल पडतोच, तेव्हा पुन्हा ताणून घ्यायचा. दोन पुलींच्या मधोमध अंगठ्याने दाबल्यावर साधारण एक सेंटीमीटर दबला पाहिजे. फार ताणलात तर वॉटर पंपाचे आणि अल्टरनेटरचे बेअरिंग खाल्ले जाते. त्या ऑइलच्या बारीक नळ्याही हाताने चाचपा. त्या चिरल्या तर इंजिनातले ऑइल बाहेर फेकले जाते, आणि हे लक्षात येईपर्यंत बरेच काही होऊन गेलेले असते. बूस्टरची परीक्षा अर्ध्या मिनिटाची आहे. गाडी बंद ठेवून ब्रेक पाच-सहा वेळा दाबा, पेडल कडक होईल. तसाच दाबून धरून गाडी चालू करा. पाय थोडा खाली गेला तर व्हॅक्युम येतो आहे.

ब्रेकचा विषय नाशिककरांना समजावून सांगावा लागत नाही. मुंबईकडे निघाले की कसारा, आग्र्याकडे निघाले की चांदवडचा राहूड घाट, पुढे बिजासन, आणि उत्तर तटावर धामनोदजवळचा गणपती घाट. या शेवटच्या घाटात ब्रेक निकामी झालेल्या गाड्यांचे इतके अपघात झाले की अखेर उतारासाठी वेगळा रस्ता बांधावा लागला. उतारावर काय होते त्याचा हिशेब करून बघू. माणसे, सामान धरून गाडीचे वजन ३ टन. घाट ३०० मीटर खाली उतरतो. एवढ्या उतरण्यात जी ऊर्जा बाहेर पडते ती नळाचे सुमारे २८ लिटर पाणी उकळी फुटेपर्यंत तापवायला पुरेल. फक्त ब्रेकवर उतरलात तर ही सगळी उष्णता चार चाकांतल्या लायनर-पॅडमध्ये आणि त्यांच्यामागच्या चमचा-दोन चमचे ब्रेक ऑइलमध्ये जाते. डॉट-३ प्रतीचे ताजे ब्रेक ऑइल निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. पण ते हवेतली ओल शोषते, आणि पुरेशी ओल शोषली की हीच मर्यादा १४० अंशांवर येते. उकळले की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते, पाय तळाला टेकतो. ब्रेक ऑइल काळे पडेपर्यंत वर नुसती भर घालत राहणे ही आपल्याकडची सार्वत्रिक खोड आहे. सगळे काढून नवे भरा आणि चारही चाकांची एअर काढून घ्या.

मागचे दोन्ही ड्रम उघडायला सांगा आणि तेव्हा स्वतः हजर राहा. व्हील सिलिंडरचे रबर बोटाने थोडे वर उचलून बघा. आत ओल दिसली तर किट बदलायचे. लायनरवर ऑइल आले असेल तर ते धुऊन वापरू नका. अनेक पिकअपना मागच्या एक्सलपाशी वजनानुसार ब्रेकचा जोर कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह असतो, त्याची दांडी गंजून जाम झालेली, नाहीतर कोणीतरी तारेने बांधून ठेवलेली सापडते. ती मोकळी करून घ्या. आणि एवढे सगळे करूनही न्यूट्रलमध्ये घाट उतरणार असाल तर खर्च वाया गेला. ज्या गिअरमध्ये घाट चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. डिझेल वाचवायला इंजिन बंद करून उतरणाऱ्या माणसाच्या गाडीत मी बसत नाही. तो पेडल कडक होतो म्हणजे काय, हे वर आलेच आहे.

टायरबाबत समृद्धी महामार्गाने आपल्याला बरेच शिकवले. नागपूर ते शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला, शेवटचा इगतपुरी ते आमणे टप्पा ५ जून २०२५ रोजी, आणि ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. खड्डा नाही, गाव नाही, सिग्नल नाही. सलग वेगात चालल्यामुळे आधीच कमी हवेचा किंवा म्हातारा टायर तापत जातो आणि फुटतो. सुरुवातीच्या अपघातांनंतर परिवहन विभागाला प्रवेशद्वारांवर टायर तपासावे लागले. पिकअपचा टायर नक्षीवरून ठरवू नका. कमी चाललेल्या गाडीची नक्षी चांगली दिसते, रबर मात्र सुकलेले असते. बाजूच्या भिंतीवर लांबट चौकटीत चार आकडे असतात. २३१९ असतील तर २०१९ सालचा तेविसावा आठवडा. सहा वर्षे झालेल्या टायरवर मी परराज्यात जाणार नाही, मग नक्षी कितीही खोल असो. रबर चढवलेला टायर पुढच्या चाकाला नकोच. हवा गार टायरमध्ये, दरवाजाच्या पट्टीवर लिहिलेल्या आकड्याप्रमाणे भरा. गरम टायरची वाढलेली हवा काढून टाकणे हा मूर्खपणा आहे, तो वाढीव दाब हिशेबात धरलेलाच असतो. आणि मालवाहू गाडीला समृद्धीवर ताशी ८० ची मर्यादा आहे, ती जुन्या पिकअपसाठी पुरेशी उदार आहे.

स्टेपनी घरासमोर उतरवा, जॅक लावा, चाक बदला, पुन्हा चढवा. हे काम गाडी चालवणाऱ्याने स्वतः करायचे. साखळी जाम असेल, जॅक वजन धरत नसेल, पाना नटावर फिरत असेल, तर ते अंगणात कळलेले बरे.

विजेचे काम मीटर असेल तर थोडक्यात आटोपते. गाडी बंद असताना बॅटरीवर १२.६ व्होल्ट, चालू असताना १३.८ ते १४.४. सेल्फ मारताना ९.६ च्या खाली गेले तर बॅटरी बदला. बॅटरी ठीक असूनही सेल्फ रडत असेल तर इंजिन आणि चासी यांच्यातली अर्थिंगची पट्टी काढून दोन्ही टोके घासून चकचकीत करा. अर्धे ‘सेल्फ गेला’ तिथेच बरे होतात. रोटरी पंपाच्या जुन्या डिझेल इंजिनाला एकदा चालू झाल्यावर वीज जवळपास लागत नाही, पण पंपावरच्या सोलेनॉइडला जाणारी एक वायर असते. ती ढिली होऊन निसटली की डिझेल बंद आणि गाडी जागच्या जागी थांबते. माहीत असणारा ती दोन मिनिटांत लावतो, माहीत नसणारा टोईंगचे पैसे भरतो. डिझेलचे फिल्टर नवे टाका, जुने कापून आत गंज किंवा पाणी आहे का बघा. असेल तर टाकी उतरवून धुवावी लागेल. एक जादा फिल्टर जवळ ठेवा आणि लाइनने एअर धरली तर हँड पंपाने ती कशी काढायची हे मिस्त्रीसमोर एकदा स्वतः करून बघा.

खालचा भाग ग्रीस आणि हातोडीचा. पाट्यांचे यू-बोल्ट आवळणे, तुटलेले पान शोधणे, प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस आणि सेंटर बेअरिंग हलवून बघणे, पुढची चाके उचलून बेअरिंग आणि टाय रॉडचे बॉल तपासणे. चांगला मिस्त्री हे दुपारभरात करतो. खताच्या गोण्या वाहिलेल्या गाडीची चासी मात्र मागच्या भागात टोचून बघायला सांगा. युरियाचा गंज रंगाखाली लपतो.

बरोबर काय न्यायचे? पट्टा, वरचा आणि खालचा होज, क्लिपा, डिझेल फिल्टर, फ्यूज, इंजिन ऑइल, कूलंट, इन्सुलेशन टेप, तार, पाने. यापलीकडे दुकान थाटू नका. ही गाडी निवडण्याचा मोठा फायदा हाच, की तिचा सुटा भाग देशातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी मिळतो आणि तिथला मिस्त्री तिला ओळखतो. फार सफाईदार पण सुटे भाग दुर्मीळ असलेल्या गाडीपेक्षा मी डोळे मिटून अशी गाडी घेईन. कागदपत्रांत मालवाहू म्हणून नोंद असेल तर आठ वर्षांनंतर फिटनेस दरवर्षी लागतो. विमा आणि पीयूसी चालू हवेत, आणि परवाना मध्य प्रदेश-गुजरातेत चालतो का ते आधी विचारून घ्या. माणसे केबिनमधल्या सीटवरच बसवा. मागच्या हौद्यात आत्या-मामांना सतरंजी टाकून बसवणे बेकायदा आहे, आणि अपघातात विम्याचे पैसे अडतात ते इथेच. राष्ट्रीय महामार्गावर अडकलात तर मदतीचा क्रमांक १०३३.

शेवटी चाचणी. प्रवासात जेवढे वजन असेल तेवढे भरून दुपारच्या उन्हात वणीमार्गे सापुतारा गाठा आणि त्याच गिअरमध्ये उतरून या. परतल्यावर गाडीखाली पुठ्ठा टाकून रात्रभर उभी करा. सकाळी पुठ्ठ्यावर कुठे, कसला डाग आहे ते बघा, पाण्याची आणि ऑइलची पातळी बघा. चारही चाकांना हात लावून कुठला ड्रम जास्त तापतो ते मात्र चाचणीच्या वाटेवरच टिपून ठेवा. काही निघाले तर दुरुस्त करा आणि पुन्हा सापुतारा.

या सगळ्याला महिना-दीड महिना सहज लागतो, आणि परिक्रमेच्या बाबतीत तो वेळ पंचांगच काढून देते. चातुर्मासात परिक्रमा करत नाहीत, कार्तिकी एकादशीनंतर ती सुरू होते. दिवाळीच्या तोंडावर मात्र गॅरेजात उभे राहायला जागा नसते, मिस्त्रीचे कारागीर गावी गेलेले असतात आणि सुट्या भागांच्या दुकानांना कुलूप असते. तेव्हा कार्तिकात निघायचे असेल तर गाडी आषाढ-श्रावणातच कामाला लावा.